देवकी मॅडमची पगारवाढ

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पगार काढले. रायपुरात, शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात, बरोबर पंख्याखालच्या टेबलावर बसून. वारा माझ्यापेक्षा कागदांनाच जास्त लागायचा, म्हणून प्रत्येक बिलावर एक गोटा ठेवलेला असे. लोक मला बडे बाबू म्हणायचे. माझी मुलगी अजून चिडवते, "बाबा, आपने ज़िंदगी भर किया क्या? जोड़-घटाना!" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतूनच येतं. आणि ती म्हणते ते खोटंही नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणून संपादक घरी आले, तेव्हा मी हात जोडले. शिक्षकांवर लिहिलेलं लोक वाचतात, शिक्षकांच्या पगारबिलांवर लिहिलेलं कोण वाचणार? ते गेल्यावर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काहून नाही म्हटलं? देवकी मॅडमवर लिहा ना. तिच्यावर नाही लिहान तं कोनावर लिहान?"

बरोबर आहे. तिच्यावरच लिहितो.

पण आधी आमचा धंदा थोडा समजावून द्यायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरकारी बजेट म्हणजे स्वयंपाकघरातले डबे. पगाराचा डबा वेगळा, इमारतींचा वेगळा, खडू-फळ्याचा वेगळा. आमच्या भाषेत डब्याला 'मद' म्हणतात. एका डब्यातलं काढून दुसऱ्यात टाकायचं असेल तर वरून परवानगी लागते. आणि मार्च संपताना डब्यात जे उरेल ते सरकारजमा. त्यामुळे पगारवाढ जाहीर होणं आणि पगारवाढ हातात पडणं, यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. मंत्री भाषणात वाढ देतात, टाळ्या होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग शिक्षक माझ्या टेबलापाशी येऊन विचारतो, "बड़े बाबू, कब मिलेगा?" आणि मी म्हणतो, "आवंटन आएगा तब." आवंटन म्हणजे डब्यात प्रत्यक्ष पडलेलं धान्य. भाषणाने डबा भरत नाही, हे सांगण्यातच माझी अर्धी नोकरी गेली.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार. आरंगकडचे एक हेडमास्तर होते. खडूसाठी दिलेल्या पैशांतून जे उरेल ते दर मार्चला बसने येऊन स्वतः आणून द्यायचे. ती चिल्लर परत जमा करायला मला अर्धा दिवस लागायचा. "गुरुजी, खडूच घेऊन टाका ना," मी काकुळतीला येऊन म्हणायचो. ते म्हणायचे, "खडू पुरे आहेत हो. लागत नाहीत तर कशाला घेऊ?" मी मनातून वैतागायचो आणि वरून चहा पाजायचो. असा माणूस आपल्या खात्यात आहे, याचं बरंही वाटायचं.

छत्तीसगडचं नवं राज्य झालं ते दिवस. भोपाळहून फायली दोरीने बांधलेल्या पत्र्याच्या पेट्यांतून येत होत्या आणि कोणती फाइल कोणत्या पेटीत, हे पेटीलाही माहीत नव्हतं. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. पूर्वी जिथे ऑपरेशनं होत तिथे आता बजेट कापलं जातं, असं आम्ही बाबू लोक म्हणायचो. राजधानी झाल्याचा उत्साह सगळ्यांना होता. शंकर नगरात बंगल्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, तेलीबांध्याकडच्या रिकाम्या जागांचे भाव चढत होते. पण खेड्यातल्या शाळेचं छप्पर जिथे गळायचं तिथेच गळत होतं.

आणि त्या शाळा चालवत होते शिक्षाकर्मी. सरकारने पंचायतीमार्फत नेमलेले हे शिक्षक. काम तेच, वर्ग तेच, पुस्तकं तीच. पण शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्या जुन्या, पक्क्या शिक्षकाच्या पगाराशी यांच्या पगाराची तुलना करायला गेलं तर लाज वाटावी. त्यांचं बिल बनवताना मला ती वाटायची. बिल बनवायचं थांबवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

देवकी साहू या शिक्षाकर्मींपैकी एक. अभनपूरच्या पुढच्या एका गावात शिकवायच्या. पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या त्या स्वतःच्या पगारासाठी नव्हेच. त्यांच्या शाळेत लता ध्रुव नावाची एक मुलगी नवीन लागली होती. परिविक्षेवर, म्हणजे अजून कायम व्हायची होती. गरियाबंदच्या जंगलाकडची पोर, देवकी मॅडमच्याच घरात एका खोलीत राहायची. नोकरी लागून बरेच दिवस झाले तरी तिचा पहिला पगार निघाला नव्हता.

"बइठ जाँव सर?" देवकी मॅडमनी विचारलं आणि माझं उत्तर येण्याआधीच त्या बसल्या.

मी ठरलेलं उत्तर दिलं. आवंटन, कागद, पडताळणी, पुढच्या आठवड्यात या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीतून डबा काढला, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि उघडला. मिरचीची चटणी आणि अंगाकर रोटी, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची जाड भाकरी. म्हणाल्या, "काम करव सर. मैं अगोरत हँव." म्हणजे, तुम्ही काम करा, मी वाट बघते.

आवाज चढवणारे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांचं काय करायचं ते मला पाठ होतं. पण समोर जेवत बसलेल्या बाईचं काय करतात हे कोणत्याच नियमपुस्तकात नव्हतं. त्यांचं जेवण होईपर्यंत मी लताचं बिल काढलं. जाताना त्यांनी अर्धी रोटी माझ्यासाठी कागदावर ठेवली. ती चटणी इतकी तिखट होती की दुपारभर माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ऑफिसात बातमी पसरली की बडे बाबूंना कोणीतरी रडवलं.

त्या हिवाळ्यात शिक्षाकर्मी संपावर गेले. मागणी एका ओळीची, समान कामाला समान वेतन. बूढ़ा तालाबाजवळ मंडप पडला आणि गावोगावचे शिक्षक गोधड्या-चादरी घेऊन येऊन बसले. आमच्या जिल्ह्याचं पुढारपण देवकी मॅडमकडे आलं. त्या भाषण कमी करायच्या, पण त्यांनी एक नियम घातला होता. सहामाहीचे पेपर झालेले होते, ते प्रत्येकाने सोबत आणायचे आणि मंडपात बसून तपासायचे. "हड़ताल पढ़ाए के हे, जाँचे के नोहे," असं त्यांचं म्हणणं. शिकवणं बंद, तपासणं बंद नाही. गोल बाज़ारला सौदा आणायला जाताना मी मुद्दाम स्कूटर तिकडून घ्यायचो. संपाच्या मंडपात घोषणांचा फलक आणि त्याखाली शे-दोनशे माणसं माना खाली घालून लाल पेनाने मुलांचे पेपर तपासतायत, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पोलीसवालेसुद्धा तिथे हळू बोलायचे.

सरकारचं मन मात्र पेपर तपासून बदलत नाही. वरून हुकूम आला की ठरलेल्या तारखेपर्यंत कामावर न येणाऱ्या परिविक्षेवरच्या शिक्षकांना कमी करावं. जुन्यांना हात लावणं अवघड होतं, नवे तावडीत सापडण्यासारखे होते. त्या नोटिसा माझ्याच टेबलावर तयार झाल्या. सगळ्यांवर आमच्या साहेबांची सही झाली. त्यात लताची नोटीस होती.

साहेबांबद्दल सांगायला हवं. ते इकडचे नव्हते, दूरच्या राज्यातून आलेले, तरुण आणि एकदम कडक. पैशाला शिवत नसत आणि कोणाला शिवू देत नसत. मसुद्यातला एक स्वल्पविराम चुकला तरी कागद परत यायचा. 'लिखकर दीजिए' हे त्यांचं आवडतं वाक्य. मला ते आवडायचे, कारण असा वरिष्ठ असला की बाबूला झोप शांत लागते. पण माणसांशी बोलताना ते समोरच्या भिंतीशी बोलतायत असं वाटायचं.

नोटिसा गेल्यावर साहेबांनी देवकी मॅडमना बोलावून घेतलं. मी फाइल घेऊन बाजूला उभा. साहेबांनी तोडगा मांडला. जे शिक्षक काही वर्षं नोकरी करून जुने झालेत त्यांना यंदापासून वाढ मिळेल. नव्यांच्या नोटिसा कायम राहतील, त्यांनी पुढच्या भरतीत पुन्हा अर्ज करावा. देवकी मॅडम जुन्यांत बसत होत्या. त्यांच्यासोबत आलेल्या दोघा शिक्षकांचे चेहरे उजळले, हे मी पाहिलं. त्यांना दोष देत नाही. घरी बसून दुसऱ्याला तत्त्व शिकवणं सोपं असतं, आणि महिनाभर त्यांच्या घरात पगार गेला नव्हता.

देवकी मॅडम म्हणाल्या, "साहब, लता मोर इस्कूल म पढ़ाथे. ओला निकाल के मैं अपन बढ़ती लेहूँ, त काली ले हाजिरी म दस्तखत कइसे करहूँ?" तिला काढून मी माझी वाढ घेतली, तर उद्यापासून हजेरीवर सही कशी करू?

"भावना से बजट नहीं चलता," साहेब म्हणाले. "मेरे हाथ में कुछ नहीं है."

"त हमर हाथ म घलो कुछु नइ हे साहब," असं म्हणून त्या उठल्या. नमस्कार करायला विसरल्या नाहीत.

संप फुटणार, असं मला त्या दिवशी वाटलं. आणि तो फुटला असता तर सगळ्यात आधी लता आणि तिच्यासारखी पोरं गेली असती. त्यांची नावं माझ्याच अक्षरात होती, त्यामुळे जेवण गोड लागेना.

मग आला छेरछेरा. आपल्या तिकडच्या, विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो. पौषातल्या पौर्णिमेला, धान घरात आल्यावर, छत्तीसगडात सगळे एकमेकांच्या दारात धान मागायला जातात. पोरं तर जातातच, मोठी माणसंही जातात. दारात टोपली धरून 'छेरछेरा!' म्हणून हाक द्यायची. त्या दिवशी मागणारा लहान होत नाही आणि देणारा मोठा होत नाही. मात्र कोणालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आमच्या घरी ही पद्धत माझ्या वडिलांपासून पाळतात. ते रेल्वेत लागले म्हणून आम्ही इकडले झालो. त्या सकाळीही हिने दारात सूप भरून ठेवलं होतं आणि मला दटावलं होतं, "तुमी पसाभर द्या, चिमूटभर नोका देऊ. पोट्टे मोजून राहिले असतात."

दुपारी मी साहेबांच्या शंकर नगरातल्या बंगल्यावर होतो. सुट्टी असली तरी त्यांना सुधारित बजेटाचा तक्ता पाहायचा होता. आम्ही पगाराच्या मदावर आलो आणि बाहेर गलका झाला. शिपायाने धावत येऊन सांगितलं की संपवाल्या बाया फाटकावर आल्यात आणि त्याने फाटक बंद केलंय.

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "घर पर घेराव? पुलिस को फ़ोन लगाइए."

फोनला हात लावण्याऐवजी मी कान दिला. बाहेर घोषणा नव्हत्या. एकच हाक येत होती.

"सर, ये घेराव नहीं है," मी म्हणालो, "छेरछेरा है." आणि वर लिहिलं तेवढं सगळं घाईघाईने त्यांना सांगितलं. शेवटी म्हणालो, "सर, आज के दिन फाटक बंद रहा तो हड़ताल टूटे न टूटे, यह बात गाँव-गाँव में याद रहेगी." नोकरीत वरिष्ठाला इतकं सरळ मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

साहेब उठले, पाकीट घेतलं आणि बाहेर गेले. मी मागोमाग. फाटक उघडलं. पुढे देवकी मॅडम, बांबूची टोपली पदराखाली धरून. त्यांच्या मागे रस्त्याच्या कडेने रांग. साहेबांनी नोट पुढे केली.

"नइ साहब," देवकी मॅडम हसून म्हणाल्या. "आज पइसा नइ चलय. धान देवव."

धान त्यांच्या घरात कुठलं असणार! साहेब आत गेले आणि स्वयंपाकघरातून तांदळाचा स्टीलचा डबा घेऊन आले. कसं द्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं, ते डबाच हातात द्यायला लागले. देवकी मॅडमनी टोपली पुढे धरली आणि म्हणाल्या, "अपन हाथ ले." मग त्या कडक इस्त्रीच्या माणसाने दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि टोपलीत तांदूळ घातले. मग मागच्या बाईच्या टोपलीत, मग तिच्या मागचीच्या. डबा संपला, रांग संपली नव्हती. साहेबांनी स्वयंपाक्याला सांगून आतलं पोतं बाहेर आणवलं. बाहीला तांदळाची भुकटी लागली होती, घाम आला होता, पण ते थांबेनात. नंतर नंतर तर ते प्रत्येकीला नाव आणि गाव विचारायला लागले.

एक बारीकशी मुलगी पुढे आली. साहेबांनी नाव विचारलं.

"लता ध्रुव."

ओंजळ भरलेली तशीच राहिली. साहेब कोणतीही सही न वाचता करत नसत, त्यामुळे नोटिसांवरची नावं त्यांच्या डोक्यात होती. ते तिच्याकडे बघत राहिले. ती घाबरली, तरी म्हणाली, "हव साहब, ओही." साहेबांनी तांदूळ घातले. मग आणखी एक ओंजळ घातली.

शेवटी देवकी मॅडम फाटकाशी थांबल्या. "साहब, आज हमन माँगेन, आप देव. एमा कोनो छोटे-बड़े नइ हे. फेर काली ऑफिस म जउन बात होही, वो माँगना नोहे. वो हक ए."

आज आम्ही मागितलं, तुम्ही दिलंत. उद्याचं ते मागणं नाही, तो हक्क आहे. शंकर नगरातल्या त्या फाटकात उभं राहून मला या बाईचा इतका अभिमान वाटला की जणू मीच तिला शिकवलं होतं. खरं म्हणजे शिकत होतो मी. आयुष्यभर मी पगार 'मंजूर' करत आलो होतो, त्यामुळे कुठेतरी मलाही तो मीच दान दिल्यासारखा वाटायचा.

आत आल्यावर साहेबांनी हात धुतले नाहीत. तसेच तक्त्यासमोर बसले. "बड़े बाबू, सबको देना हो, नए लोगों को भी, तो इस साल पैसा है?"

"आवंटन नहीं है सर," मी म्हणालो. "पर बचत है."

गोष्ट साधी होती. संपाच्या दिवसांचा पगार कापला गेला होता. तो पगाराच्या डब्यात तसाच पडून होता आणि मार्चअखेर परत जाणार होता. वरून परवानगी मिळाली तर मार्चपर्यंतची वाढ त्यातून भागत होती. पुढच्या वर्षाच्या बजेटात मग ती रीतसर घालता आली असती. साहेबांनी ऐकलं आणि ठरलेलं वाक्य म्हणाले, पण आवाज वेगळा होता. "लिखकर दीजिए. आज ही."

दुसऱ्या दिवशी देवकी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग मला म्हणाल्या, "माने हमर बढ़ती के पइसा हमिच मन देवत हन?" मी मान खाली घातली. हिशेब तोच होता. त्यांच्याच कापलेल्या पगारातून त्यांनाच वाढ. त्या मोठ्याने हसल्या. "चलव, कोनो बात नइ. लता बाँच गे."

साहेब स्वतः मंत्रालयात गेले, एकदा नाही, अनेकदा. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. वाढ सगळ्यांना मिळाली. पक्क्या शिक्षकांइतकी नव्हे, त्यासाठी पुढे त्या लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. संपाच्या दिवसांचे पैसेही कोणालाच परत मिळाले नाहीत, ती सल मला आजही आहे. पण जुने आणि नवे एकाच यादीत आले, आणि मंडप उठताना तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे आपापल्या गावच्या बसमध्ये चढले.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

मार्चच्या सुरुवातीला साहेबांनी मला आत बोलावलं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ऊपर एक नाम चाहिए." सरकार झुकलं असं दिसू नये म्हणून कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती. नाव कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. शिक्षा अशी, की देवकी साहूंची पगारवाढ रोखावी. सगळ्यांना मिळेल, त्यांना नाही. "आदेश बना लाइए," साहेब म्हणाले.

आता शिक्षेची रीत सांगतो. सरकारी माणसाला अशी शिक्षा द्यायची तर आधी आरोप लेखी कळवावे लागतात, त्याचं उत्तर घ्यावं लागतं आणि मगच आदेश काढता येतो. ते न करता आदेश काढला तर अपिलात तो उभा राहत नाही. हे खात्यातल्या कालच्या पोराला माहीत असतं. मला तर झोपेत माहीत होतं. दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या अशा चुका काढण्यात माझी ख्याती होती, काही जण त्यापायी माझ्याशी बोलत नसत.

मी सरळ आदेश बनवला. आरोपपत्र नाही, उत्तर नाही, फक्त शिक्षा. भाषा मात्र अगदी कडक वापरली, वरच्यांना वाचून समाधान वाटावं अशी. आणि नेऊन साहेबांसमोर ठेवला.

स्वल्पविरामावरून कागद परत करणारा तो माणूस. त्यांनी पेन उघडलं, मला विचारलं, "ठीक है?" मी म्हणालो, "जी सर." त्यांनी कागदाकडे न पाहता सही केली आणि पुढची फाइल ओढली. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला, एवढंच.

असा आदेश शिपायाच्या हाती पाठवतात. मी स्वतः घेऊन गेलो. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "जाच तुमी. अन् तिचं तोंड पाहून बोला, टेबलाकडे पाहून नोका बोलू."

शाळा एका मोठ्या पिंपळाखाली होती. देवकी मॅडम तिसरीला गणित शिकवत होत्या, शेजारच्या खोलीतून लताचा आवाज येत होता. मॅडमनी मला बघितलं आणि बोटाने थांबायची खूण केली. उदाहरण पूर्ण झाल्यावरच बाहेर आल्या. व्हरांड्यात उभं राहून आदेश वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"बाकी मन के आ गे?" त्यांनी विचारलं. बाकीच्यांची वाढ आली का?

"हव. सगळ्यांची."

"लता के?"

"तिचीही."

त्यांनी पोचेवर सही केली. मला वाटलं होतं आता त्या म्हणतील, जाऊ द्या सर, बाकीच्यांना मिळालं ना. तसं काही झालं नाही. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "अपील काखर नाव ले लिखे जाथे?"

अपील कोणाच्या नावे करतात, ते मी सांगितलं. "आपे बतावव सर, मैं लिखत हँव," त्या म्हणाल्या आणि वर्गात जाऊन टेबलाशी बसल्या. खुर्ची एकच होती. मी मुलांच्या बाकावर बसलो, गुडघे पार हनुवटीशी आले आणि तिसरीचा वर्ग हसायला लागला. आणि मी, तो आदेश बनवणारा बडा बाबू, त्याच आदेशाविरुद्धचं अपील सांगू लागलो. ते अपील पुढे मंजूर झालं आणि मॅडमची वाढ त्यांना मिळाली, हे वाचकाचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

"लिखिए," मी म्हणालो. "महोदय, मुझे कोई आरोप-पत्र नहीं दिया गया. मेरा उत्तर नहीं लिया गया. अतः यह आदेश नियम के विरुद्ध है."

पेन थांबलं. त्यांनी आदेश पुन्हा उलटून पाहिला. "सर, एला कोन बनाइस?"

"मी."

"अउ साहब? साहब तो हर अक्षर पढ़थे."

"हा नाही वाचला," मी म्हणालो.

मंडपात महिनाभर थंडीत बसलेली, नोटिसा निघाल्या तेव्हा, संप फुटायला आला तेव्हा, कशानेही न हललेली ही बाई. तिने मान खाली घातली. लिहिलेल्या ओळीवर पाण्याचे दोन थेंब पडले आणि 'नियम' हा शब्द पसरला. खरं सांगायचं तर मलाही धड दिसत नव्हतं.

देवकी मॅडमनी तो कागद बाजूला केला आणि कोरा घेतला.

"अक्षर बिगड़ गे," त्या म्हणाल्या. "फेर ले बोलव सर. महोदय..."